आबांनी अर्धा सोडलेला बांध

मंडळी, खाली बसून घ्या. मागं जांभळीखाली उभे आहेत त्यांनीही बसावं. घोंगड्या खांद्यावरून काढून मांडीवर घ्या. एवढ्या कडक उन्हात माणूस घोंगडी कशाला आणतो ते मला कळतं, तुम्हालाही कळतं. आत जे आहे ते असू द्या. फक्त हात वर दिसू द्या.

अध्यक्ष गुरुजी, आबांच्या घरच्या काकी, साताऱ्याहून आणि सांगलीहून आलेली वडीलधारी माणसं, आणि माझ्या गावकऱ्यांनो. माझ्याआधी मोठी माणसं बोलून गेली. वाक्याला वाक्य जोडून बोलली. मला ते जमायचं नाही. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस, माझी वाक्यंही अर्ध्यातच सुटतात. उठताना गुरुजी कानात म्हणाले, सर्जेराव, थोडकं बोल आणि डोकं थंड ठेव. थोडकं बोलायचं बघतो. डोक्याचा शब्द देत नाही.

आबासाहेब इंगवले गेले.

बोलून बघितलं. तरी खरं वाटत नाही. पुन्हा म्हणतो. आबा गेले. परमुलखात गेले, भर उन्हात गेले, अनवाणी गेले, आणि माणसानं झाडलेल्या गोळीनं गेले. रोगानं नाही. वयानं नाही. ज्यांचं भांडण मिटवायला गेले त्यांच्यातल्याच कुणीतरी त्यांना टिपलं, रानात डुक्कर टिपावं तसं. त्या देशाचं नाव मी घेणार नाही. माझी जीभ त्या नावाला वळत नाही आणि मला ती वळवायचीही नाही.

फोटोला हार घातलात, चांगलं केलंत. पण फोटोखाली पाटावर पायताण ठेवलंय, त्याच्याकडं बघून काही पाहुण्यांची तोंडं वाकडी झालेली मला दिसतात. ते पायताण मी ठेवलंय. कुणी हलवायचं नाही. त्याच्या तळाला तांबडी माती चिकटली आहे, तीही कुणी झाडायची नाही. ते तिथं का ठेवलंय, तेवढंच सांगायला मी उभा आहे.

वर्तमानपत्रं तुम्ही वाचली असतील. थोर मुत्सद्दी. आंतरराष्ट्रीय कीर्तीचे पुरुष. साताऱ्याचे वकील, मग असेंब्लीत निवडून आले, मग राजबंदी, मग राजदूत, आणि शेवटी जगाच्या पंचायतीनं नेमलेल्या आयोगाचे प्रमुख. एकेक पायरी बरोबर लिहिली आहे. माणूस तेवढा लिहायचा राहिला. एवढ्या रकान्यांत ढेकूळ हा शब्द कुठंही नाही. ढेकळाशिवाय आबा कसे सांगणार तुम्ही?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या या कृष्णाकाठच्या शिवारात दोन घरांचं बांधावरून वाजलं की कोर्टात निकाल लागतो, पण भांडण मिटत नाही. ते मिटतं बांध चालल्यावर. दोन्ही घरं एका माणसाला मानतात. तो पायताण काढतो. दोन्ही रानांतलं एकेक ढेकूळ घेतो, पाण्याचा हात लावून दोन्हीचं एक करतो, मुंडाशावर ठेवतो आणि चालायला लागतो. मागं एका अंगाला हे घर, दुसऱ्या अंगाला ते घर. तो जिथून चालेल तिथं दगड रोवायचे. डोक्यावर ढेकूळ असेतोवर कुणी बोलायचं नाही, कुणी हात उचलायचा नाही. माती म्हणजे आई. आईला डोक्यावर घेतलेल्या माणसावर कुणी हात टाकत नाही. आणि चालणाऱ्यानं खोटं पाऊल टाकलं, तर त्याचा वंश बुडतो. अशी ती शपथ आहे. म्हणून बांध चालायला सहसा कुणी पुढं होत नाही.

आबा व्हायचे.

आमचा शेडग्यांचा मळा आणि हिंदुरावकाका कदमांचा मळा, मधे एक बांध. हिंदुरावकाका, तुम्ही समोर बसला आहात, चुकलं तर सांगा. मी मॅट्रिकला होतो तेव्हा त्या बांधापायी माझे चुलते बापूकाका उसाच्या सरीत पडले. मानेवर कुऱ्हाड बसली होती. सरीला पाणी सोडलं होतं, ते तांबडं होऊन टोकापर्यंत गेलं आणि आम्हाला टोकाला कळलं की वर काहीतरी झालंय. बापूकाकांचा दहावा व्हायच्या आत आमच्या माणसांनी हिंदुरावकाकांचा थोरला भाऊ गाडीवाटेवर गाठला. त्याचं काय केलं ते मी काकींसमोर सांगत नाही. फौजदार आला, माणसं फासाच्या दोरापर्यंत जाऊन काळ्या पाण्याला गेली, आणि दोन्ही घरांत उरलेले पुरुष पुन्हा दगडावर कुऱ्हाडी घासत बसले.

त्या वेळी आबा दोन तुरुंगवासांच्या मधे घरी आले होते. असेंब्लीची खुर्ची सोडून आलेला माणूस. ते थेट बांधावर जाऊन बसले. घरी गेले नाहीत, भाकरी घेतली नाही. आमचे वडील त्यांना म्हणाले, आबा, तुम्ही ह्यात पडू नका, रक्ताला रक्तच लागतं. आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरीतली माती बोटानं उकरत म्हणाले, "सांडलं की रं रक्त. दोनी अंगाला सांडलं. मग ह्या साली ऊस जादा आला का?"

आमच्या वडिलांना हसू आवरेना. भाऊ मेलेला माणूस, पण हसला. आणि हसता हसता तिथंच बांधावर बसून ओरडून रडला. तेव्हा आबांनी पायताण काढलं.

आबांचा एकुलता एक मुलगा जयसिंग त्या दिवशी माझ्या शेजारून चालत होता. माझा मित्र. पुढं सांगलीला एकाच खोलीत राहिलो, एकाच ताटात जेवलो. बोलायचं नाही असं ठरलेलं, तरी तो हळूच मला चिमटा काढून म्हणाला, "सर्ज्या, म्हातारा तुमच्या बांधावरनं चाललाय, पण टांगणीला माझा जीव हाय, गड्या." आबांनी मागं वळून नुसतं बघितलं.

तो बांध आबांनी चालला. आमचा एक जांभळीचा तुकडा पलीकडं गेला, कदमांची विहिरीची वाट अलीकडं आली. दोन्ही घरं चरफडली आणि दोन्ही घरांनी मानलं.

मग बेचाळीस साल. जयसिंगनं आणि मी कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे काय, वर्गातून उठलो आणि परत गेलो नाही. कचेरीवर मोर्चा निघाला. तिरंगा जयसिंगच्या हातात होता. कचेरीच्या पायऱ्यांवरून गोळ्या सुटल्या. एक त्याच्या गळ्यात घुसली. मंडळी, गळ्यात गोळी लागलेला माणूस ओरडत नाही, त्याला ओरडता येत नाही. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्याकडं बघत होता आणि त्याचा श्वास गळ्यातल्या भोकातून जात होता. मी तिथं हात दाबून धरला. माझ्या बोटांतून रक्त येतच राहिलं. आज सात वर्षं झाली, पण जेवायला बसलो की तो हात मी आधी बघतो.

आबा तेव्हा भूमिगत होते. पोलीस स्मशानात दबा धरून बसले होते, बाप पोराला बघायला येईलच म्हणून. आबांना यायचं होतं. काकीनं निरोप धाडला, येऊ नका, दोघं एका दिवशी नकोत. अग्नी मी दिला.

पुढं आबा सापडले. कोठडीत त्यांच्या उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत घालून दार ओढलं. नावं सांग म्हणाले. आबांनी एकही नाव सांगितलं नाही. ती बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. ज्या हाताशी पुढं देशोदेशीच्या वजिरांनी हात मिळवले, तो हात हा होता. एकदा मी विचारलं, आबा, ते मोठे लोक हाताकडं बघून काय म्हणतात? ते म्हणाले, "काय न्हाई. जरा हळू दाबत्यात."

आणि याच काळात या गावात कुणीतरी एक वाक्य बोललं. कोण ते मला माहीत आहे. तो आज इथं आला आहे, आणि त्यानं मान वर करू नये. तो म्हणाला, आबानं बांध खोटा चालला असणार, म्हणून पोरगं गेलं. बुडाला वंश.

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मी त्याचं घर पेटवायला निघालो होतो. मला अडवलं कुणी? हिंदुरावकाकांनी. कदमांनी शेडग्याला अडवलं. म्हणाले, तू नको, माझी विहिरीची वाट गेलीय त्या बांधात, त्याला मी बघतो. आणि भर चावडीवर त्यांनी त्या माणसाच्या अशी थोबाडीत दिली की त्याचं पागोटं गटारीत गेलं. हिंदुरावकाका, ते मी विसरलेलो नाही. आज मुद्दाम सांगतोय.

पण आबांच्या कानावर ते वाक्य गेलं होतं. काकीच्याही. त्यांनी ते कुणाजवळ काढलं नाही. ठिणगी पदरात पडावी आणि बाईनं पदर झटकू नये, तशी काकी ते वाक्य घेऊन या गावात राहिली.

स्वातंत्र्य आलं. आबांना इंग्रजी येत होतं, कायदा येत होता, आणि मुख्य म्हणजे गप्प बसता येत होतं. दिल्लीनं त्यांना परदेशी राजदूत म्हणून धाडलं. गावात लोक म्हणाले, आबा आता इलायतेचा बांध चालायला गेलाय, साहेबाचं पायताण काढून घेतोय बघ. आबा सुट्टीला आले की लोक विचारायचे, आवं आबा, तिकडं कायबाय भांडणं असत्यात का? ते सांगायचे, असतात, पण तिकडं लोक टेबलावर नकाशा पसरून भांडतात, नकाशावर पाय देता येत नाही, हीच पंचाईत.

गेल्या साली थंडीत ते असेच आले होते. दिल्लीत ती गोळी झाडली गेली आणि इकडं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घरं पेटली. ज्यानं मारलं त्याची जात धरून, ज्यांनी मारलं नाही त्यांची घरं. आपल्या वैद्यांच्या घरावर दुपारी जमाव आला. परगावचे होते, पण सगळे परगावचे नव्हते. रॉकेलचा डबा पुढं, मागं चारशे तोंडं. वैद्यांची म्हातारी आई दाराच्या आत. ज्यांच्या घरची बाळंतपणं तिनं केली तीच माणसं बाहेर.

आबा एकटे आले. धोतर, मुंडासं. वैद्यांच्या अंगणातलं ढेकूळ उचललं, रस्त्यावरची मूठभर माती त्याला लावली, डोक्यावर ठेवलं आणि घराभोवती चालायला लागले. पहिल्या फेरीला जमाव हसला. दुसऱ्या फेरीला कुणीतरी दगड मारला. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात गेलं. ढेकूळ हललं नाही. तिसऱ्या फेरीला आपल्या गावच्या एका म्हाताऱ्यानं पायताण काढलं. मग दुसऱ्यानं. मग जमावात नुसतं पायताण काढल्याचा आवाज. तो आवाज ज्यांनी ऐकला ते आज इथं आहेत. परगावचे लोक बघत राहिले, आणि गेले. रॉकेलचा डबा तिथंच राहिला. आबा म्हणाले, वाया घालवू नका. ते रॉकेल पुढं कितीतरी दिवस चावडीच्या कंदिलात जळलं.

ते बघून मला वाटलं, ह्या माणसाला मरण नाही. आबांनाही तसंच वाटलं असेल का? तिथंच त्यांची चूक झाली. ती मी सांगणार आहे. आबांवर माझा राग आहे आणि मी तो लपवत नाही.

आधी एक माझी गोष्ट. गुरुजी, खाली बसवू नका, हिचा संबंध आहे.

गेल्या पावसाळ्यात कृष्णा शिवारात शिरली. बांध गेला, दगड गेले, आमच्या आणि कदमांच्या रानावरून एकच गाळ पसरला. पुरात मी पोहत जाऊन कदमांच्या छपरावरून माणसं काढली. सगळ्यात शेवटी जी उतरली तिनं आधी माझ्या हातात एक भिजलेलं कोकरू दिलं आणि म्हणाली, "कोकरू धरा." आजवर ती माझ्याशी एवढंच बोलली आहे. नाव मी घेणार नाही. बायका बसल्यात त्या बाजूला मी बघणारही नाही, तसं ठरवूनच आलोय. पण त्या दोन शब्दांवर मी वर्षभर जगतोय, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे, तर मी कशाला चोरू?

या आयोगावर निघण्याआधी आबा गावी आले होते, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "आरं, मग बांध कुटं सरकवू सांग. हिकडं का तिकडं? कुटं सरकवला म्हंजी सून जवळ पडंल?" मी रागावलो. मग ते स्वतः हिंदुरावकाकांकडं गेले. काका म्हणाले, पोर द्यायची की नाही ते नंतर, आधी बांध. पुरानं पुसलेला बांध आबांनी येऊन चालावा, बांध लागल्याशिवाय शेडग्याच्या घरात लेक धाडायची म्हणजे विस्तवाच्या शेगडीत लोणी ठेवायचं. आबा म्हणाले, आलो की चालतो. तोवर मधला गाळाचा पट्टा दोघांनीही नांगरायचा नाही. दोन्ही घरांनी मान डोलावली. पट्टा पडीक राहिला. आबांच्या शब्दावर दोन घरांच्या कुऱ्हाडी वर्षभर खुंटीला होत्या.

आणि तिकडं आबांनी पायताण काढलं.

हे आपले दत्तू जमादार, रहिमतपूरचे. पलटणीतून पेन्शनीत आलेले. आबांनी त्यांना बरोबर नेलं होतं. अस्थी त्यांनी आणल्या, पायताण त्यांनी आणलं. त्यांनी मला जे सांगितलं तेच मी सांगतो. त्या मुलखात दोन जमाती. मधे दगडी गडग्यांची, जर्दाळूच्या झाडांची एक वाडी. दोघंही म्हणतात आमची. महिनोन्‌महिने टेबलावर नकाशा. इकडं रेघ, तिकडं रेघ, आणि रोज वाडीत प्रेतं. विहिरीत टाकलेली, झाडाला टांगलेली. आबा म्हणाले, मला जागेवर न्या. बाकीचे साहेब म्हणाले, ही आयोगाची रीत नाही. आबा म्हणाले, ही माझी रीत आहे.

दोन्हीकडची पाच-पाच माणसं मागं घेतली. बंदुका गडग्यापाशी ठेवायला लावल्या. पायताण काढून जमादारांच्या हातात दिलं. जमादार शिपाईगडी, त्यांची नजर वर टेकडीवर. ते म्हणाले, "साहेब, नगा. ही माणसं आपल्यातली न्हवत. त्यास्नी ढेकूळ कळायचं न्हाई."

आबा म्हणाले, "माणसं आपल्यातली न्हवत, दत्तू. पण माती तर मातीच हाय का न्हाई?"

दोन्ही बाजूंची माती त्यांनी एक केली. मुंडाशावर ठेवली. चालायला लागले. जमादार म्हणतात, अर्ध्या वाडीपर्यंत कुणी शब्द काढला नाही. मागून चालणाऱ्या एका म्हाताऱ्यानं, कुणी न सांगता, बूट काढले होते. तेवढ्यात टेकडीवरून एक गोळी आली. मग दुसरी. पहिली छातीत, दुसरी पोटात. आबा पडले नाहीत, खाली बसले. त्या न मिटणाऱ्या हातानं डोक्यावरचं ढेकूळ धरून बसले. तसेच गेले. जिथं बसले तिथं जमादारांनी एक दगड उभा केला. बांध तिथवरच झाला.

कुणी मारलं? हे म्हणतात त्यांनी, ते म्हणतात ह्यांनी. मला ते नाव हवं होतं, मंडळी. मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून चढायचं मी ठरवलं होतं. त्या टेकडीवर जाऊन त्या माणसाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात तीच तांबडी माती कोंबायची होती. आजही कोंबीन. हे ऐकून गुरुजींनी डोळे मिटले. मिटू द्या. शोकसभेत खोटं बोलायचं नसतं.

आबा, तुम्ही चुकलात. साऱ्या जगात माती म्हणजे आई असते असं तुम्हाला वाटलं. तशी ती नसते. काही लोकांना माती म्हणजे फक्त मालकी. तुम्ही कृष्णाकाठची शपथ परक्या टेकडीखाली घेऊन गेलात, आणि ती शपथ मोडली हे त्या बंदुकवाल्याला कळलंसुद्धा नाही. अशी चूक फक्त आपल्या शिवारातला माणूसच करणार. दिल्लीचा साहेब करणार नाही. म्हणून तर तो जिवंत परत येतो.

पण मग मी स्वतःला विचारलं, त्या टेकडीवरच्या माणसाला तरी माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं ना?

आबा गेल्याची तार आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी कदमांचा नांगर त्या पडीक पट्ट्यात शिरला. हिंदुरावकाका, तुमचा धाकटा भाऊ. आबाच न्हाईत तर शब्द कुणाचा, असं तो म्हणाला. आमच्या थोरल्या भावानं धावत जाऊन नांगराच्या बैलाचा पाय तोडला. मुकं जनावर तीन पायांवर उभं राहायला बघत होतं. मग तुमच्या धाकट्याची कुऱ्हाड आमच्या भावाच्या मनगटावर बसली. आज माझा भाऊ मिरजेला दवाखान्यात आहे आणि त्याचा हात त्या पट्ट्यात पुरलाय. आबांचं सुतक फिटायच्या आत आपण हे केलं. मग टेकडीवरचा तो आणि आपण, ह्यांत वेगळं काय?

आता जांभळीखाली घोंगड्यांत काय आहे आणि सभा संपल्यावर गाडीवाटेवर काय होणार आहे, ते मला माहीत आहे. आमच्या माणसांनी जागा हेरून ठेवली आहे. कदमांनीही हेरली असेल. काल रात्रीपर्यंत मीही त्यात होतो. माझी कुऱ्हाड घासून तयार होती.

आज सकाळी जमादारांनी आणलेलं पायताण घेऊन मी काकीकडं गेलो. आबांचं पायताण तिच्यापुढं ठेवलं. ती रडली नाही. हात फिरवला त्यावरून. मग मला म्हणाली, "सर्ज्या, पायताण आनलंस. माती कुटं हाय?"

मला कळेना. ती म्हणाली, "त्येंनी तुमास्नी शबुद दिला हुता, आलो की चालतो म्हणून. त्ये आल्यात. पायताण आलंय. आता चालाय नगं?"

मी म्हटलं, काकी, चालणार कोण? आता कुणाचा शब्द दोन्ही घरं मानतील? खोटं पाऊल पडलं तर वंश बुडतो, कोण पुढं होईल?

तेव्हा ती जे बोलली ते मी तुमच्यापुढं जसंच्या तसं ठेवतो. ती म्हणाली, "मी चालती. माझं काय बुडायचं ऱ्हायलंय? आन्‌ ह्या गावानं एकदा म्हटलंय, बांध खोटा चालला म्हणून पोरगं गेलं. कसा चालत्यात त्यो, गावानं एकदा बघावं."

गुरुजी म्हणाले, विधवा बाई, सुतकातली, रीतीत बसत नाही. गुरुजी, रीतीत काय बसतं ते आपण गेल्या पंधरवड्यात बघितलं. बैलाचा पाय रीतीत बसला. माणसाचा हात बसला. बाईच्या डोक्यावरची माती तेवढी बसत नाही?

मंडळी, शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळतात. मी तुम्हाला उभं राहायला सांगत नाही. मी चला म्हणतो. इथून त्या पट्ट्यापर्यंत आणि तिथून बांधाच्या शेवटापर्यंत. काकीच्या डोक्यावर ढेकूळ आहे तोवर कुणी बोलायचं नाही. आबांसाठी मला हीच शांतता हवी आहे.

ही माझी कुऱ्हाड. ही मी आबांच्या पायताणाशेजारी ठेवतो. आमच्या माणसांनो, जांभळीखालच्यांनो, आणा तुमच्या. शिव्या मला नंतर द्या. भावाच्या हातासाठी माझं रक्त तुमच्याइतकंच उकळतंय. बांध कुठं जाईल मला माहीत नाही. सगळा पट्टा पलीकडं गेला तरी मी काकीच्या मागून चालणार आहे, आणि काकी जिथं वळेल तिथं दगड माझ्या हातानं रोवणार आहे.

हिंदुरावकाका, मला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे. ते मी आज मागत नाही. आज एवढंच मागतो, तुमच्या रानातलं एक ढेकूळ द्या. मग आमच्या थोबाडीत मारायची असेल तर तीही द्या, तुमचा हात मला परका नाही. आणि माझ्या बरोबरीनं चाला. तुम्ही तुमच्या अंगानं, मी माझ्या.

काकी उठली. तिनं पायताण काढलं.

आबा, तुमचा तिकडचा बांध अर्धाच राहिला. तो पुरा करणं आमच्या हातात नाही. हा आहे. मंडळी, पायताण काढा.

आता कुणी बोलू नका.